पाच पायांचा प्राणी

तो प्राणी मी पहिल्यांदा पाहिला तो लॅपटॉपच्या पडद्यावर, एका रविवारी दुपारी, आमच्याच हॉलमध्ये. पडद्यावर आमचीच इमारत होती. चार मजले, गच्चीवर दोन काळ्या टाक्या, तिसऱ्या मजल्यावर आमची खिडकी आणि तिच्या जाळीला तारेने बांधलेली तुळशीची कुंडी. मागे राखाडी आभाळ. त्या आभाळातून काहीतरी खाली आलं. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. जाड, सांध्यांत वाकणारे पाच पाय होते. ते गच्चीच्या कठड्यावर टेकले आणि थरथरत राहिले, भिजलेलं जनावर थरथरतं तसे. मग त्यातले दोन पाय सावकाश पुढे सरकले आणि त्यांनी एक टाकी चिमटीत धरली.

मी ओरडले. हातातला कप सुटला नाही, पण चहा सगळा अंगावर सांडला.

"अगं, मी आहे," बाबा म्हणाले. "टाकी तिरकी बसली होती. सरळ केली."

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची इमारत होती, तिच्यासमोर कॅमेरा चालू होता, आणि बाबांचा उजवा हात अजून गच्चीवरच होता. मी हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे. हात ओळखीचा होता. पडद्यावर जे होतं ते ओळखीचं नव्हतं.

कॅमेऱ्यामागे उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, हात काढू नका. प्लीज. तसाच ठेवा."

ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मुलगी म्हणायचं इतकंच, तिशीला आलेली आहे. दिवसा ती अंधेरीतल्याच एका स्टुडिओत मालिकांचं एडिटिंग करते, आणि त्या वर्षी उरलेल्या वेळात स्वतःचा चित्रपट करत होती. गोष्ट एवढीच की परग्रहावरचे प्रचंड प्राणी वर्सोव्याच्या खाडीतून बाहेर येतात आणि आमच्या उपनगरातून चालत जातात. ते कुणाला मारत नाहीत. इमारतींपाशी थांबतात आणि खिडक्यांतून आत बघतात.

"डोळे नाहीत म्हणतेस ना?" बाबांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मग बघतात काय? चाचपतात म्हण."

"बरं, चाचपतात."

"आणि त्यांना हवंय काय?"

"आजोबा, एलियन आहेत ते. त्यांना काही नको असतं. ते येतात."

"असं कसं? उगाच कोण येतं कुणाकडे?"

तिला शहर हवं होतं आणि शहर बांधायला तिच्याजवळ काही नव्हतं. म्हणून ती बाबांकडे आली होती. बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. सोसायटीच्या गणपतीचं मखर जवळजवळ तीस वर्षं त्यांनीच केलं. आधी थर्माकोलचं, नंतर पुठ्ठ्याचं. राजवाडे, देवळं, किल्ले, एकदा तर विमानतळसुद्धा. तिने लहानपणी ती सगळी मखरं पाहिली होती आणि दर वर्षी उंदराच्या जागेवरून बाबांशी भांडली होती.

पण बाबांनी चार वर्षांत कटर हातात धरला नव्हता. त्यांना कंपवात होता.

ही गोष्ट आमच्या घरात नवी नव्हती. माझ्या आजोबांनाही तो होता. आजोबांची मला एकच आठवण आहे, आणि ती दिसणारी नाही, ऐकू येणारी आहे. गावी माजघरात मी झोपलेली असायची आणि बाहेर ओटीवर त्यांचा चहा आलेला कळायचा, कारण बशी वाजायला लागायची. टिक, टिक, टिक, टिक. चहा संपला की थांबायची. मी सहा-सात वर्षांची असेन. मला वाटायचं, बाहेर काहीतरी बसलंय आणि ते दात वाजवतंय.

बाबांचं सुरू झालं तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते. उजव्या अंगठ्यापासून. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखं, न दिसणारी जपमाळ ओढल्यासारखं. त्यांनी तो हात लपवायला सुरुवात केली. रस्त्यात पँटच्या खिशात. बसमध्ये वर्तमानपत्राखाली. सोसायटीच्या सभेत चक्क मांडीखाली घेऊन बसायचे आणि मत द्यायची वेळ आली की डावा हात वर करायचे. डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, हे पुढच्या पिढीत येतं का? ते म्हणाले, "बहुतेक वेळा नाही."

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. शब्दांशी माझा रोजचा संबंध आहे. 'बहुतेक' या शब्दाने मला जितकं जागं ठेवलं तितकं दुसऱ्या कुठल्याही शब्दाने ठेवलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळीआधी मी बाथरूमची कडी लावून उजवा हात समोर ताणून धरते आणि बोटांवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवते. कागद वाजला नाही की दिवस सुरू. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात बाबा आणि मी. बाबांना सांगणं शक्यच नव्हतं.

शहर असं तयार झालं की बाबा सांगायचे आणि मी कापायची. स्केल एकास शंभर. बाबांनी आपला पंजा टेबलावर बोटांवर उभा करून मोजपट्टी लावली. "बरोबर चौथ्या मजल्यापर्यंत येतो," म्हणाले. तेव्हा कुणाच्या मनात काही नव्हतं, माप घ्यायची सवय म्हणून घेतलं. दोन महिने रविवारी आणि माझ्या सुट्ट्यांच्या दिवशी आम्ही तेच करत होतो. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, पेनच्या टोपणाची तुळशीची कुंडी, तिच्यात हिरवा दोरा. निळ्या प्लास्टिकच्या पिशवीची ताडपत्री. पट्टीला लावून मी कटर ओढायची आणि रेघ सरळ आली की मनातल्या मनात हुश्श करायची. बाबा म्हणायचे, "हात छान आहे तुझा." मला ते ऐकायचंही असायचं आणि ऐकवतही नसे.

एक चूक झाली. सगळी गल्ली तयार झाल्यावर ती मुलगी कॅमेरा घेऊन टेबलाभोवती फिरली आणि मागच्या बाजूला जाऊन थांबली.

"आजोबा, मागे भिंतच नाहीये."

"कशाला हवी?"

"अहो, कशाला म्हणजे? बिल्डिंग आहे ना ती!"

बाबा मागे गेले. बघत राहिले. सगळ्या इमारती पुढून आणि बाजूंनी पूर्ण होत्या आणि मागून उघड्या, आतून पोकळ. तीस वर्षांची सवय. मखराला पाठ नसते, मागून कोण बघणार? मी इतक्या भिंती कापल्या, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"वाट लागली," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसून बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. समोरूनच घेते सगळं. तो नेहमी इमारतीच्या मागून येईल. दिसणारच नाही कुठून आला ते."

त्या रविवारी ती रबरी खेळण्यातला अष्टपाद मागून वर काढून बघत होती. तो खेळण्यातलाच दिसत होता. तेवढ्यात बाबांनी टाकी सरळ करायला हात घातला.

तिला तो हात हवा होता. मी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"असं काही करायचं नाही," मी म्हटलं. "आजारी माणूस आहे. लोक हसतील."

"मावशी, तुम्ही हसलात का? किंचाळलात तुम्ही."

"तो प्रश्न नाहीये."

"काय चाललंय तिकडे कुजबुज?" बाहेरून बाबांचा आवाज आला. "माझ्या हाताबद्दल आहे ना? मग मला विचारा."

आम्ही बाहेर आलो. बाबा खुर्चीवर बसले होते आणि हात टेबलावर होता. खिशात नाही, मांडीखाली नाही. टेबलावर, उघडा.

"बाबा, थट्टा होईल तुमची."

"होऊ दे. इतक्या वर्षांत या हाताला कुणी काम दिलंय का? गोळ्या दिल्या सगळ्यांनी." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पण असा उघडा चालणार नाही हां. घड्याळाच्या पट्ट्याची गोरी रेघ दिसतेय. याला काहीतरी कातडी लाव."

कातडी स्वयंपाकघरातून आली. टिश्यू पेपर, डिंक, कॉफीची पूड, आणि चामखिळींसाठी भिजवलेला साबुदाणा. ती एकेक दाणा चिमट्याने बोटांच्या सांध्यांवर चिकटवायची. बाबा चष्मा लावून बघत बसायचे. "हा एलियन उपासाला चालेल," म्हणाले. ती इतकी हसली की दाणा उडाला.

मी हसले नाही. तिला दिसत नसावं, पण मला दिसत होतं की साबुदाण्याचा दाणा बोट थांबल्यावरही थोडा वेळ हलत राहायचा. त्यामुळे थरथर होती त्याहून जास्त दिसायची. चार-पाच रविवार आमच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून ते काम चाललं. रस्त्यावर धूळ म्हणून तांदळाचं पीठ पसरलेलं. प्राणी चालून गेला की त्यात पाच-पाच खळगे उरायचे. खळग्यांच्या कडा स्वच्छ नसायच्या, दुहेरी असायच्या, कारण बोट टेकताना हलायचं. बाबांनी ते वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. आयुष्यभर त्यांनी एका रेघेवर दुसरी रेघ येऊ दिली नव्हती.

"रेघ दुहेरी आली," ते म्हणाले.

"आजोबा, झकास आहे ते! जड प्राणी असाच पाय टेकणार ना?"

"असं म्हणतेस?" आणि ते पुन्हा खुर्चीत टेकले, हात टेबलावर ठेवून.

मला वाटतं ते त्या दिवसांत सुखात होते. मी नव्हते. मी त्यांच्या हाताला हात लावायचं टाळायला लागले होते. आधी मी त्यांना जिन्यावरून उतरवताना उजवीकडून धरायची. चित्रीकरण सुरू झाल्यापासून मी डावीकडून धरू लागले. पडद्यावर पाहिलेलं ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. वरणभाताच्या ताटावर तो हात यायचा आणि मला आमच्या खिडकीवर आलेला तो प्राणी दिसायचा. त्यांच्या लक्षात आलं असेल का? एकदा जिन्यात ते म्हणाले, "आज बाजू बदललीस." मी म्हटलं, "कठडा त्या बाजूला आहे ना."

मग गिळायचा त्रास वाढला, छातीत संसर्ग झाला आणि त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. अकरा दिवस. शेवटच्या आठवड्यात ते फारसं बोलत नव्हते. एकदा मात्र स्पष्ट म्हणाले, "तिचा शेवटचा शॉट राहिलाय." मी म्हटलं, "घरी आलात की करू." त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताला सलाईनची सुई होती म्हणून मी डाव्या बाजूला बसायची. असं मी नर्सला सांगितलं. सुई दोन दिवसांनी काढली होती.

ते गेले त्या संध्याकाळी मुलुंडहून आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, असले सगळे विधी तिलाच माहीत. हॉलमध्ये जिथे त्यांना ठेवलं होतं तिथे तिने समई लावायला लावली. शेजारी परातीत तांदळाचं पीठ पसरायचं आणि वर टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलायची. जाणारा ज्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठात उमटतं, असं आमच्याकडे मानतात. आईच्या वेळी काही उमटलं नव्हतं. आत्या म्हणाली होती, "ती सुटली."

पीठ मीच चाळलं, मीच पसरलं. पातेल्याच्या झाकणाने सपाट केलं. माझ्या मागेच कोपऱ्यात, चादरीखाली, पुठ्ठ्याची गल्ली होती.

सकाळी आत्याने टोपली उचलली. पिठात खुणा होत्या. तीन खळगे, जरा वाकड्या ओळीत, आणि शेजारी एक पुसट.

"पाखरू," आत्या म्हणाली. "बघ गं. पाखराचं पाऊल. दादा पाखरू होऊन गेला." तिने हात जोडले. शेजारच्या काकूंनीही जोडले. मी वाकून पाहिलं.

खळग्यांच्या कडा दुहेरी होत्या.

मी भिंतीला धरून खाली बसले. सगळ्यांना वाटलं, रडू येतंय. पहिला विचार मनात आला तो सांगायला मला संकोच वाटतो, कारण मी शिकलेली बाई आहे आणि माझं आयुष्य पुस्तकांत गेलं आहे. मला वाटलं, ते त्याच रूपाने आले. पाच पायांवर, डोळ्यांशिवाय, चाचपत. आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते म्हणून मला शोधत आले.

दुसरा विचार दुपारी आला, लोक पांगल्यावर. टोपली ठेवताना माझा तोल किंचित गेला होता. मी परातीच्या कडेला हात टेकला होता. कडेलाच की आत? आत बोटं लागली असणार. म्हणजे त्या खुणा माझ्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते जेमतेम एक श्वासभर टिकलं. कारण माझ्या असतील तर मग कडा दुहेरी का?

आत्याने ते पीठ गोळा करून विसर्जनाला नेलं. पुन्हा पाहायला काही उरलं नाही. त्या दिवसापासून मी बाथरूममध्ये कागद धरणं थांबवलं. आधी तो वाजणार नाही अशी आशा होती म्हणून धरत होते.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी ती मुलगी वर आली. दारातच उभी राहिली. तिला गल्ली खाली न्यायची होती.

"शेवटचा शॉट घ्यायचाय, मावशी. आमच्या ऑफिसातला एक जण हात देतोय. दोनदा टेस्ट केली." ती चप्पल काढून आत आली. "तो हलवतो हात. पण हलवलेला कळतो."

"शॉट कसला आहे?"

तिने चादर बाजूला केली आणि आमच्या इमारतीच्या मागे जाऊन उभी राहिली. "मागे भिंत नाहीये ना, त्यावरून सुचलं. सगळ्या चित्रपटभर तो बाहेरून येतो. शेवटी सकाळ झालीय, प्राणी गेलेत, लोक सुटलेत. आणि तुमच्या खिडकीत आतून एक बोट दिसतं. जाळीला धरलेलं. बास. आजोबांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, आता भीती वाटली मला."

मग मी माझा उजवा हात तिच्यासमोर धरला. का धरला ते नीट सांगता येत नाही. बाबांनी हॉस्पिटलात शॉटबद्दल विचारलं होतं हे एक. आणि दुसरं म्हणजे, मला आता जाणून घ्यायचं होतं. कागद खोटं बोलू शकतो, पीठ आत्याने नेलं, पण तो कॅमेरा खोटं बोलत नाही हे मी पाहिलं होतं.

तिने हात उलटासुलटा करून पाहिला. "अंगठा सेम आहे," म्हणाली. "नखंसुद्धा."

रविवारी दुपारी आमच्याच हॉलमध्ये पुन्हा चादरी लागल्या. पुन्हा डिंकाचा वास. ती दाणे चिकटवत होती आणि मी तिच्या चिमट्याकडे बघत होते, माझ्या बोटांकडे नाही. ती गप्पा मारायचा प्रयत्न करत होती. "आजोबा असते तर म्हणाले असते, साबुदाणा जास्त भिजलाय." मी "हं" म्हटलं.

मी टेबलाच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि मनगटापर्यंत हात इमारतीत घातला. आत पुठ्ठ्यावर माझ्याच पेन्सिलीच्या खुणा होत्या, बाबांनी सांगितलेली मापं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी पहिलं बोट नेलं आणि जाळीला लावलं. जाळी म्हणजे मच्छरदाणीचा तुकडा, तारेवर ताणलेला. पुढचं मला काहीच दिसत नव्हतं. माझ्यासमोर फक्त इमारतीची पोकळ पाठ होती आणि तिच्यात गेलेला माझा हात.

"छान. आता अजिबात हलू नका. हा शॉट शांत आहे. तो नुसता उभा आहे आत." मग थोडा वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "मावशी, स्थिर ठेवा हां. हलवायचं नाहीये या वेळी."

"मी हलवत नाहीये."

"बरं. परत घेऊ."

मी श्वास रोखला. कोपर टेबलावर रोवलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आणि मग मला ते ऐकू आलं. खूप बारीक. पेनच्या टोपणाची ती कुंडी जाळीच्या तारेवर आपटत होती. टिक, टिक, टिक, टिक.

मी गावच्या माजघरात होते आणि बाहेर ओटीवर काहीतरी बसलं होतं.

तिने "कट" म्हटलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मी मान वळवून लॅपटॉपकडे पाहिलं नाही. शेवटी तिने कॅमेरा बंद केल्याचा आवाज आला. ती टेबलाला वळसा घालून मागे आली, खाली बसली आणि माझा हात मनगटाला धरून हळूच बाहेर काढला. तिला कळलं होतं. माझा चेहरा पाहून कळलं, की पडद्यावरून, ते मी विचारलं नाही.

"घाबरलात म्हणूनही होतं, मावशी," ती म्हणाली. "माझा पण हलतो. इंटरव्ह्यूला वगैरे."

"हो."

"चहा ठेवू?"

"ठेव."

ती आत गेली. मी तिथेच जमिनीवर बसून एकेक साबुदाणा सोलून काढला. काही केल्या माझी नजर त्या हातावरून हटत नव्हती. माझ्या हाताच्या जागी मी पहिल्यांदाच बाबांचा हात इतक्या जवळून बघत होते. जिवंतपणी बघितला नव्हता. मला फार रडू आलं आणि ते भीतीचं होतं की त्यांच्यासाठी, हे मला वेगळं करता आलं नाही. चहा आला तेव्हा मी कप दोन्ही हातांनी धरला. बशी तिने आणलीच नव्हती.

महिन्याभराने तिने मला शेवटची पाच मिनिटं मोबाईलवर पाठवली. आत्या तेव्हा आलेली होती. तिने चष्मा लावून पाहिलं. गच्चीवर बाबांचा हात येतो तिथे तिने तोंड फिरवलं, म्हणाली, "ई, काय गं हे घाणेरडं!" शेवटी खिडकीतलं बोट दिसलं. "हे मात्र दादाचं," ती म्हणाली. "हे लगेच कळतं." आणि तिने मोबाईलला नमस्कार केला. ते माझं होतं. मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले. बाबांचेच डॉक्टर. त्यांनी तपासून काय सांगितलं ते आधीच लिहून टाकते. आत्ताच काही म्हणता येत नाही, नुसत्या ताणानेही होतं, सहा महिन्यांनी या. ते सहा महिने अजून चालू आहेत, आणि त्यातच मी हे लिहिते आहे. भीती गेलेली नाही. ती सकाळी माझ्याआधी उठते.

पण मला लिहायचं आहे ते तपासणीच्या आधीचं. डॉक्टर म्हणाले, "हात दाखवा." तोपर्यंत तो हात मी मांडीवरच्या पर्सखाली दाबून धरला होता. बसमध्ये तसाच, वेटिंग रूममध्ये तसाच, आणि मला ते कळलंही नव्हतं. मी पर्स खाली ठेवली. हात टेबलावर ठेवला, पाची बोटं पसरून, पंजा उचलून, बोटांवर उभा.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "असा नाही," ते म्हणाले. "सैल सोडा. सपाट."

मी सपाट ठेवला. टेबलावर काच होती आणि माझी बांगडी काचेला टेकली होती. डॉक्टर हाताकडे बघत होते. मी मान खाली न घालता समोर बघत बसले, हात तिथेच ठेवून, आणि ऐकत राहिले.